पर्जन्यजल निचरा शुल्क

पर्जन्यजल निचरा शुल्क : शहरात पडणारे पावसाचे पाणी गटारे, नाले व पर्जन्य जलवाहिन्यांतून नदी, खाडी किंवा समुद्रापर्यंत नेण्याचा खर्च भागविण्यासाठी मिळकतदारांकडून घेतले जाणारे स्वतंत्र शुल्क. सांडपाण्याच्या आकारणीहून ते वेगळे असते. घरातून किती सांडपाणी निघते याचा अंदाज नळाच्या मीटरवरून बांधता येतो. पाऊस मात्र मीटरमधून येत नाही. तो मातीत मुरला तर शहरावर भार पडत नाही. वाहून रस्त्यावर आला की वाहिन्या, उदंचन केंद्रे आणि नालेसफाई यांचा खर्च सुरू होतो. त्यामुळे या शुल्काच्या न्याय्यतेचा सगळा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो : कोणाच्या जागेतून किती पाणी बाहेर येते?

100 चौ. मी. छपरावर 25 मिमी पाऊस पडला, तर 2,500 लिटर पाणी जमते आणि त्यातले जवळपास सगळे पन्हळीतून खाली येते. तेवढ्याच मोकळ्या मातीवर किंवा गवतावर त्याचा मोठा भाग, निदान जमीन तुडुंब भिजेपर्यंत, मुरून जातो. म्हणून छप्पर, डांबर, काँक्रीट, फरशी अशा पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ हा आकारणीचा सर्वांत सयुक्तिक आधार मानला जातो. अमेरिकेत बोल्डर (कोलोरॅडो) आणि बेलव्ह्यू (वॉशिंग्टन राज्य) या शहरांनी 1970 च्या दशकात पावसाच्या पाण्यासाठी वेगळी आकारणी सुरू केली. पुढे हवाई छायाचित्रांवरून प्रत्येक भूखंडाचे मोजमाप शक्य झाले, तेव्हा ही पद्धत इतरत्रही पसरली.

जुनी पद्धत किती अन्यायकारक होती, हे फिलाडेल्फियात चांगले दिसते. तेथे पावसाच्या पाण्याचा खर्च नळजोडणीच्या मीटरच्या आकारावरून वसूल होत असे. परिणामी छोट्या भूखंडावरची, पण भरपूर नळ असलेली उंच इमारत जास्त पैसे भरी. आणि एकही नळ नसलेला, एकरभर डांबर घातलेला वाहनतळ काहीच भरत नसे, जरी पावसात सर्वाधिक पाणी तोच सोडत असला तरी. जुलै 2010 पासून निवासी नसलेल्या मिळकतींची आकारणी चार वर्षांत टप्प्याटप्प्याने भूखंडावर आणली गेली. तीत 80 टक्के भार पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रावर आणि 20 टक्के एकूण क्षेत्रावर ठेवला आहे. मोकळ्या जमिनीवरूनही जोराच्या पावसात थोडे पाणी वाहतेच, हे या 20 टक्क्यांमागचे कारण. जो मालक शोषखड्डे, हिरवी छते किंवा झिरपती फरसबंदी करून पावसाचा पहिला सुमारे एक इंच आपल्याच आवारात जिरवतो, त्याला शुल्कात सूट मिळते. शहराच्या मोठ्या भागात सांडपाणी व पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते आणि मोठ्या सरीत ते मिश्रण नद्यांत सांडते. म्हणून ही सूट 2011 साली सुरू झालेल्या शहराच्या 25 वर्षांच्या नदीशुद्धी आराखड्याशी जोडलेली आहे.

घरांसाठी मात्र फिलाडेल्फियाने सरासरी क्षेत्र धरून सर्वांना एकच दर लावला. एकमेकांना चिकटलेल्या, सारख्या आकाराच्या घरांच्या शहरात हे पटण्याजोगे आहे. प्रत्येक घर मोजण्याचा खर्च त्यातून मिळणाऱ्या अचूकतेहून जास्त झाला असता. बंगले आणि चाळी शेजारी-शेजारी असलेल्या शहरात मात्र तोच एकसारखा दर गरिबाकडून श्रीमंताचा खर्च वसूल करतो. अशा ठिकाणी घरांचे क्षेत्रफळानुसार दोन-तीन गट पाडणे हा सोपा मध्यममार्ग आहे.

रस्त्यांचे पाणी कोणाच्या नावावर घालायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा विसरला जातो. पोर्टलंडने (ऑरेगन) शुल्काचे दोन भाग केले : 35 टक्के स्वतःच्या आवारातील पाण्यासाठी आणि 65 टक्के सार्वजनिक रस्त्यांवरील पाण्यासाठी. आवारातले सगळे पाणी जिरवणाऱ्यालाही फक्त पहिल्या भागात सूट मिळते, कारण रस्ता तोही वापरतो.

सूट आणि माफी यांत फरक आहे. सूट पाणी कमी सोडल्याबद्दल असते. माफी मालक कोण आहे ते पाहून दिली जाते आणि तिचा भार उरलेल्यांवर पडतो. अमेरिकेतील संघराज्य सरकारच्या इमारतींनीही वाजवी पर्जन्यजल शुल्क भरावे, असा कायदा जानेवारी 2011 मध्ये झाला. डेट्रॉइटमध्ये क्षेत्रफळावर आकारणी सुरू झाल्यावर मोठे वाहनतळ असलेल्या चर्चनी विरोध केला. त्यांची अडचण खरी होती, पण उपाय माफीपेक्षा फरशी उखडण्यासाठी अनुदान हाच जास्त टिकाऊ ठरतो.

शुल्क की कर, यावर न्यायालयांतही वाद झाले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये लान्सिंग शहराचे पर्जन्यजल शुल्क हा मतदारांच्या संमतीविना लादलेला करच आहे, असे ठरवून रद्द केले. मेरीलँड राज्यात मोठ्या स्थानिक संस्थांना असे शुल्क लावण्याची सक्ती करणाऱ्या 2012 च्या कायद्याला विरोधकांनी ‘पावसावरचा कर’ हे नाव चिकटवले आणि 2015 मध्ये त्यातील सक्ती गेली. जर्मनीत न्यायालयांनी उलट दिशेने रेटा दिला : नळाच्या पाण्याच्या मापाने पावसाच्या पाण्याचेही पैसे घेणे अमान्य, असा निकाल नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने 2007 मध्ये दिला. त्यानंतर तेथील नगरपालिकांना दोन्ही आकारण्या वेगळ्या कराव्या लागल्या.

मुंबईत असे स्वतंत्र शुल्क नाही. ताशी 25 मिमी पावसासाठी बांधलेल्या जुन्या वाहिन्यांची क्षमता ताशी 50 मिमीपर्यंत नेण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा 1993 मध्ये तयार झाला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडल्यावर त्याच्या कामाला वेग आला. या कामांचा पैसा महापालिकेच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून व शासकीय मदतीतून येतो, आणि मालमत्ता कर 2010 पासून भांडवली मूल्यावर बसतो. म्हणजे जागेची किंमत मोजली जाते, तिथून वाहणारे पाणी नव्हे. पुण्यात पर्जन्यजल संचयासाठी मालमत्ता करात सवलत आहे, पण ती यंत्रणा बसवल्याबद्दल मिळते. अंगणातली माती काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या सोसायटीचे बिल, त्या ब्लॉकमुळे, दोन्ही शहरांत एका रुपयानेही वाढत नाही.