रियुनियनचा राखी चष्मेवाला

रियुनियनचा राखी चष्मेवाला (शास्त्रीय नाव झोस्टेरॉप्स बोर्बोनिकस) हा हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावरच आढळणारा, सुमारे ८ ग्रॅम वजनाचा गाणारा पक्षी आहे. बेटाचे जुने नाव बूर्बाँ असल्याने त्यावरून जातिनाम पडले. झोस्टेरॉप्स हे प्रजातिनाम (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) व्हिगर्स व हॉर्सफिल्ड या प्राणिशास्त्रज्ञांनी १८२७ मध्ये योजले असून ते ‘पट्टा’ आणि ‘डोळा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे.

मराठवाड्यात या प्रजातीची ओळख चष्मेवाला या पक्ष्यामुळे होते. गौताळ्यासारख्या जंगलात किंवा जुन्या झाडीच्या वस्तीत, शेवगा फुलला असताना, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेल्या या पिवळसर हिरव्या पक्ष्यांचा थवा चिवचिवत फांदीफांदी चाळत जातो. तो झोस्टेरॉप्स पाल्पेब्रोसस. रियुनियनच्या राखी पक्ष्याला मात्र ते कडेच नसते, त्यामुळे मराठीत त्याला दिलेले हे नाव नात्यापुरतेच खरे आहे. बेटावरील क्रिओल भाषिक शेपटीच्या मुळावरचा पांढरा भाग पाहून त्याला ‘झ्वाझो ब्लाँ’, म्हणजे पांढरा पक्षी, म्हणतात. कडे असलेला हिरवट चष्मेवाला त्याच बेटावर राहतो. पण ती निराळी जाती आहे.

चष्मेवाल्यांचे कुल पूर्वी स्वतंत्र आणि सुटसुटीत मानले जाई. जनुकीय अभ्यासांनंतर त्यांचे जवळचे नाते सातभाईंच्या गोतावळ्याशी जुळले आणि हिमालयातील युहिना पक्षीही याच कुलात घेतले गेले. बेटाबेटांवर नव्या जाती निर्माण करण्याची या प्रजातीची क्षमता असाधारण आहे. डायमंड, गिल्पिन व मायर यांनी १९७६ मध्ये सॉलोमन बेटांवरील अशा पक्ष्यांना ‘महान जातिनिर्माते’ म्हटले होते, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार चष्मेवाल्यांच्या बहुसंख्य जाती गेल्या सुमारे २० लाख वर्षांतच फुटल्या. सागर ओलांडणारा पक्षी नव्या बेटावर पोचल्यावर तिथेच का अडकून राहतो, हे कोडे त्यामुळेच पडते.

रियुनियनचे कोडे याहून अवघड आहे, कारण तेथे वेगळेपण एका बेटाच्या आतच घडले आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौ. किमी., म्हणजे मराठवाड्यातील सर्वांत लहान हिंगोली जिल्ह्याहूनही बरेच कमी. तरी त्यावर या पक्ष्याची चार भौगोलिक रूपे नांदतात. सखल भागात तीन आहेत : डोके व पाठ दोन्ही तपकिरी असलेले, डोके राखी व पाठ तपकिरी असलेले, आणि माथा राखी पण मान व पाठ तपकिरी असलेले. चौथे सुमारे १,४०० मीटरच्या वर आढळते व त्यातच राखी आणि तपकिरी असे दोन प्रकार एकत्र दिसतात. पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक गिल यांनी १९७३ मध्ये या विविधतेवर सविस्तर ग्रंथ लिहिला. सखल भागातील रूपांच्या सीमा नद्यांवर आणि लाव्हाच्या पट्ट्यावर येतात, आणि तेथील संकरपट्टे, म्हणजे दोन रूपांचा संकर होतो ते पट्टे, अरुंद असतात. गोदावरीच्या दोन काठांवरचा आपला चष्मेवाला वेगळा ओळखता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या अरुंदपणाचे नवल कळते. शिवाय पंख असलेल्या पक्ष्याला रियुनियनची नदी ओलांडणे मुळीच कठीण नाही.

मग ही चार रूपे चार जाती का नाहीत? मायर यांच्या १९४२ च्या व्याख्येनुसार जातींमध्ये प्रजननाचा अडसर हवा, आणि येथे भेटीच्या ठिकाणी संकर होत राहतो. दुसरीकडे, जनुकसंचाच्या अलीकडच्या अभ्यासांत सखल रूपांमधील फरक मुख्यत्वे झेड या लिंग-गुणसूत्रावर एकवटलेला दिसला. पक्ष्यांत नराकडे दोन झेड, तर मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू असते. उरलेल्या जनुकसंचात फरक थोडाच असल्याने रंगावरून जाती ठरवणे घाईचे होते, हे मत रास्त वाटते; मात्र संकरपट्टे अरुंद राहिले आहेत, तेव्हा हे केवळ पिसांच्या रंगाचे प्रकरण आहे, असेही म्हणता येत नाही. सध्याच्या वर्गीकरणात सर्व रूपे एकाच जातीत आहेत.

मॉरिशसच्या राखी चष्मेवाल्याबाबत निर्णय उलट झाला. सुमारे २०० किमी. दूरच्या त्या बेटावरील पक्षी एकेकाळी बोर्बोनिकसमध्येच गणला जाई. आता तो झोस्टेरॉप्स मॉरिशियानस या नावाने स्वतंत्र मानला जातो. त्यालाही डोळ्यांभोवती कडे नाही.