मोटारीच्या वातानुकूलनातील हवा-तापमान सेन्सरांचे दोषनिदान

स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या मोटारीत हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरांचा बिघाड ओळखण्याची आणि तो वायरिंग, कंट्रोल युनिट, हवेचा मार्ग किंवा शीतक गॅस यांच्या बिघाडापासून वेगळा काढण्याची पद्धत. कॉम्प्रेसर, ब्लोअर आणि गरम-थंड हवा मिसळणारे ब्लेंड डोअर ही सर्व अंगे सेन्सरांच्या आकड्यांवर चालतात. त्यामुळे थंडावा अपुरा पडणे, मध्येच गरम हवा येणे किंवा काचांवर बाष्प धरणे अशा तक्रारीचे मूळ तक्रारीच्या जागेपासून दूर असू शकते.

हवेचे तापमान मोजणारे सेन्सर सामान्यतः चार ठिकाणी असतात : बाहेरच्या हवेसाठी पुढच्या जाळीमागे किंवा बाजूच्या आरशात, केबिनसाठी डॅशबोर्डवरील बारीक जाळीमागे, इव्हॅपोरेटरच्या (हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पात्यांत आणि हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्यांत. डॅशबोर्डवरचा ऊन मोजणारा सेन्सर प्रकाशावर चालतो, त्याचा येथे विचार केलेला नाही.

इतिहास : स्वयंचलित वातानुकूलनाचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नॅश कंपनीच्या ‘वेदर आय’ हीटरला थर्मोस्टॅटची जोड मिळाली, म्हणून काही लेखक अग्रमान त्याला देतात. त्यात हवा थंड करण्याची सोय मात्र नव्हती. पॅकार्डच्या १९४० च्या मॉडेलला कारखान्यातच बसवलेले वातानुकूलन होते, पण ठरलेले तापमान आपोआप राखणारे नियंत्रण नव्हते. कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलपासून दिलेल्या ‘कम्फर्ट कंट्रोल’मध्ये तापविणे व थंड करणे दोन्ही एकाच चकतीवरून होई. सेन्सरांच्या दृष्टीने पाहता हीच तारीख अधिक ग्राह्य वाटते. त्या पिढीच्या यंत्रणांत केबिन, बाहेरची हवा आणि नळी येथील सेन्सर एकसर जोडलेले असत. एक बिघडला की संपूर्ण साखळीचा रोध बदले आणि दोषी कोणता, हे प्रत्येक सेन्सर सुटा करून मोजल्याशिवाय कळत नसे. मायक्रोप्रोसेसर आल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी मिळाली आणि आजची निदानपद्धती शक्य झाली.

हे सेन्सर बहुधा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विद्युत रोध बदलणारे घटक, असतात. त्यांचा उगमही दोन ठिकाणी दाखवला जातो. तापमान वाढल्यावर सिल्व्हर सल्फाइडचा रोध कमी होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये नोंदवले. व्यवहारात वापरण्याजोगा थर्मिस्टर मात्र सुमारे १९३० मध्ये सॅम्युएल रूबेन यांच्याकडून आला, असे सामान्यतः मानतात. रोध आणि तापमान यांचा संबंध सरळ रेषेत नसतो. त्यासाठी स्टाइनहार्ट व हार्ट यांनी १९६८ मध्ये मांडलेले समीकरण अचूक कामात वापरतात. वाहनदुरुस्तीत उत्पादकाचा रोध-तापमान तक्ता पुरतो.

कार्यतत्त्व आणि बिघाडाची दिशा : कंट्रोल युनिट बहुधा ५ व्होल्ट दाब एका स्थिर रोधामार्फत सेन्सरला देते आणि सेन्सरच्या टोकांवर उरलेला व्होल्टेज वाचते. सेन्सर थंड असला की त्याचा रोध जास्त आणि व्होल्टेजही जास्त असतो. तार तुटली तर वाचन ५ व्होल्टच्या जवळ जाते आणि युनिटला ते अतिशीत तापमान वाटते. पुष्कळ यंत्रणांत स्कॅनरवर (युनिटमधील आकडे वाचणाऱ्या उपकरणावर) अशा वेळी उणे ४० अंश दिसते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर व्होल्टेज शून्याजवळ येतो आणि तापमान कमाल दिसते. बाहेरच्या सेन्सरची तार तुटल्यावर भर उन्हाळ्यात कॉम्प्रेसर सुरूच न होण्याचे कारण हेच : युनिटच्या लेखी बाहेर कडाका असतो.

पूर्ण तुटणे किंवा चिकटणे शोधायला सोपे. खरी अडचण अर्धवट दोषांची आहे आणि त्यांच्याकडे दुरुस्तीपुस्तिका फारसे लक्ष देत नाहीत. कनेक्टरची पिन गंजली की सेन्सरच्या रोधात एकसर भर पडते आणि वाचन खऱ्यापेक्षा थंड येते. कनेक्टरमध्ये ओल शिरली तर समांतर गळती होते आणि वाचन खऱ्यापेक्षा गरम येते. ही चूक सर्व तापमानांना सारखी नसते. उदाहरणार्थ, २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम रोध आणि ३,९५० बीटा मूल्य (तापमानागणिक रोध किती झपाट्याने बदलतो, हे दाखवणारा अंक) असलेला सेन्सर ० अंशाला सुमारे ३४ किलोओहम व ५० अंशाला सुमारे ३.६ किलोओहम रोध दाखवतो. गंजामुळे १ किलोओहमची भर पडली, तर ० अंशाला अर्ध्या अंशाच्या आसपास, २५ अंशाला सुमारे २ अंश आणि ५० अंशाला ६ अंशांहून अधिक चूक होते. म्हणजे गंज उष्णतेत उघड होतो, तर ओलीची गळती सेन्सरचा रोध मोठा असताना, म्हणजे थंडीत. तक्रार ठरावीक हवामानातच का येते, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते. (वरील आकडे नमुन्याचे आहेत, सेन्सरचा मूळ रोध उत्पादकागणिक बदलतो.)

दोषसंकेत : दोष आढळला की युनिट त्याचा संकेत नोंदवते. बाहेरच्या हवेच्या सेन्सरसाठी पी००७० ते पी००७४ हे प्रमाणित संकेत आहेत. पी००७२ म्हणजे मंडलाचे (सर्किटचे) वाचन खाली आणि पी००७३ म्हणजे वर. येथे खाली-वर व्होल्टेजचे असते, तापमानाचे नव्हे. म्हणून पी००७२ मध्ये तारा चिकटलेल्या असण्याचा आणि पी००७३ मध्ये तुटलेल्या असण्याचा संशय आधी घ्यावा. केबिन व इव्हॅपोरेटरच्या सेन्सरांचे संकेत बहुधा उत्पादकाचे स्वतःचे असतात. अर्धवट दोष मर्यादेत बसतो, त्यामुळे संकेत नोंदलेला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

तपासणी : सर्वांत कमी खर्चाची आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत आधी करावी अशी चाचणी म्हणजे थंड मोटारीतील तुलना. मोटार रात्रभर सावलीत उभी ठेवून, इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर बाहेरची हवा, केबिन, इव्हॅपोरेटर, इंजिनात जाणारी हवा आणि कूलंट यांची तापमाने एकदम वाचावीत. ती काही अंशांच्या आत जुळायला हवीत. जो आकडा एकटा पडतो तो संशयित. गंजाचा दोष थंडीत लपतो, म्हणून केबिन तापल्यावर खऱ्या थर्मामीटरशी दुसरी तुलना करणे आवश्यक आहे.

त्यानंतर कनेक्टर काढावा : वाचन किमान टोकाला गेले पाहिजे. मग हार्नेसच्या (युनिटकडून येणाऱ्या तारांच्या) बाजूची दोन्ही टोके तारेने जोडावीत : ते कमाल टोकाला गेले पाहिजे. दोन्ही घडले तर तार व युनिट सामान्यतः ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा पिनांमध्ये आहे. सुट्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजावा. बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात, पिना कोरड्या ठेवून, तो ० अंशाच्या तक्त्याशी जुळतो का ते पाहावे. बोटांत धरलेला सेन्सर तापतो, हे मोजताना विसरू नये. हळूहळू गरम करताना रोध एकसारखा उतरायला हवा. मध्येच उडी मारली तर आत तडा असण्याचा संभव असतो.

सेन्सर निर्दोष असूनही वाचन चुकीचे येऊ शकते. केबिनच्या सेन्सरवरून हवा ओढणारा छोटा पंखा किंवा नळी धुळीने तुंबली, की तो डॅशबोर्डच्या पोकळीतील साचलेली हवा मोजतो. जाळीवर पातळ कागदाचा तुकडा धरावा. ब्लोअर चालू असताना तो चिकटून राहायला हवा. बाहेरचा सेन्सर बंपरच्या दुरुस्तीनंतर जागेवर न बसवता लोंबता राहतो आणि रेडिएटरची उष्णता खातो. शिवाय अनेक युनिटे मोटार उभी असताना किंवा हळू चालताना बाहेरचे तापमान चढू देत नाहीत. हे दोषाचे लक्षण नव्हे, म्हणून पडद्यावरच्या आकड्याऐवजी स्कॅनरवरचे कच्चे वाचन पाहावे.

इव्हॅपोरेटरचा सेन्सर पात्यांतून निसटला तर तो खऱ्यापेक्षा गरम वाचतो आणि कॉम्प्रेसर वेळेवर थांबत नाही. पात्यांवर बर्फ धरतो, लांब प्रवासात हवेचा झोत मंदावतो आणि थोडा वेळ थांबल्यावर आपोआप परत येतो. असे घडत असल्यास गॅस भरण्यापूर्वी हा सेन्सर तपासावा.

काही नव्या मोटारींत केबिनसाठी अवरक्त सेन्सर असतात, तर काहींत सेन्सर आकडा थेट डिजिटल संदेशरूपाने पाठवतात. अशा सेन्सरांना रोधमापन लागू पडत नाही. स्कॅनर आणि थर्मामीटर यांची तुलनाच करावी लागते.