शर्यतीआधीच्या भातामागची गोष्ट

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी रनर मंडळींच्या ताटात काय असतं, हे आता ठरून गेलंय. भात, बटाटा, पास्ता, केळी; कुणाकडे साबुदाण्याची खिचडी. शर्यतीआधी कार्ब्स, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थ, भरपूर खाऊन अंगात साठा करायचा, हे ते कार्ब लोडिंग. (खिचडीत जाणारं तूप आणि दाण्याचं कूट बघता लोडिंग कार्बचं की फॅटचं, हा प्रश्न वेगळा.) हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर कोचकडे बोट जातं. कोचला ते त्याच्या कोचने सांगितलेलं असतं. असं मागे मागे जात राहिलं की आपण १९६६ सालच्या स्टॉकहोममध्ये, एका सायकलपाशी येऊन पोचतो.

खेळाडूंवर प्रयोग करायची हौस त्याच्याही आधीची, पण ते बहुतेक दुसऱ्याच्या जिवावरचे होते. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकची मॅरेथॉन ऑगस्टच्या उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली. अंगातलं पाणी कमी झालं की काय होतं ते बघायचं म्हणून आयोजकांनी पाणी मुद्दामच तोडलं होतं. सुवर्णपदक मिळालेला टॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. त्याच्या मदतनिसांनी ते दिलं नाही. दिलं काय, तर स्ट्रिकनीन, म्हणजे कुचल्याचं विष, अंड्यातला पांढरा भाग आणि वर ब्रँडी. ३२ जण निघाले होते, १४ पोचले.

वीस वर्षांनी बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी जरा शहाणपणाचं काम केलं. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर त्यांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. जे पांढरेफटक पडून, भ्रमिष्टासारखे शेवटच्या रेषेशी आले होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. पुढच्या वर्षी शर्यतीआधी कार्ब्स वाढवून आणि धावताना गोळ्या-चॉकलेट देऊन पाहिलं, तर तीच माणसं बऱ्या अवस्थेत आली. आज धावताना चोखतात त्या गोड एनर्जी जेलचं मूळ तिथे आहे. पण ते निरीक्षण वैद्यकीय नियतकालिकात राहिलं आणि मैदानावर पुढची कित्येक वर्षं वाफाळत्या स्टेकचंच, म्हणजे मांसाचंच, राज्य चाललं. १९३९ मध्ये क्रिस्टेन्सन आणि हान्सन या स्कँडिनेव्हियन संशोधकांनीही कार्ब्स खाऊन माणूस जास्त वेळ दम धरतो, हे दाखवून दिलं होतं. स्नायूच्या आत नेमकं काय घडतं, ते मात्र कुणालाच बघता येत नव्हतं.

ती सोय योनास बेरिस्ट्रॉमने केली. मांडीत जाडसर सुई खुपसून स्नायूचा बारीकसा तुकडा काढायची पद्धत त्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळवली. मग १९६६ मध्ये तो आणि एरिक हुल्टमन एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले. प्रत्येकाने फक्त एक पाय पेडलवर ठेवला, दुसरा मोकळा. तो एक पाय पार गळून जाईपर्यंत दोघांनी पेडल मारलं. नंतर तीन दिवस भरपूर कार्ब्स खाल्ले आणि दोन्ही मांड्यांतून तुकडे काढत राहिले. न राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, फारशी हलली नाही. राबलेल्या पायातलं मात्र दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट झालं. माणूस तोच, रक्त तेच, जेवणही तेच. फरक फक्त कोणता पाय दमला होता एवढाच. मला हा प्रयोग खेळशास्त्रातला सगळ्यात देखणा वाटतो, आणि त्यातल्या दोन्ही गिनिपिगांची नावं शोधनिबंधाच्या लेखकांच्या जागी आहेत, हेही त्याचं एक कारण.

पुढच्या वर्षी त्याच गोतावळ्याने सायकलवर टिकण्याचा वेळ मोजला. मांस-चरबीवर तीन दिवस काढलेल्या माणसापेक्षा कार्ब्सवर काढलेला माणूस जवळपास तिप्पट वेळ टिकला. यातून सात दिवसांचा कार्यक्रम निघाला: आठवडाभर आधी लांब धावून स्नायू रिकामे करायचे, तीन दिवस फक्त मांस-अंडी-चीज, मग तीन दिवस ब्रेड, भात, केक.

हा कार्यक्रम प्रत्यक्ष शर्यतीत उतरवून गाजवला तो रॉन हिलने. हिल मँचेस्टरकडचा, कापड-रसायनशास्त्रातला डॉक्टरेट, स्वतःचा कोच स्वतःच. जाळीची बनियन घालून धावण्यापासून सगळं करून बघायचा आणि रोजच्या धावण्याची नोंद ठेवायचा. सप्टेंबर १९६९ मध्ये अथेन्सला युरोपियन अजिंक्यपदाची मॅरेथॉन होती, मूळ मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत. बेल्जियमचा गास्तों रुलांट्स बराच पुढे निघून गेला होता. हिलने त्याला शेवटच्या किलोमीटरमध्ये गाठलं आणि जिंकला. पुढच्या एप्रिलमध्ये बॉस्टन त्याने २:१०:३० मध्ये मारली. मग काय, जो तो आठवडाभर आधी भात सोडायला लागला.

आता यातला भाताचा वाटा किती आणि रॉन हिलचा किती? १९७१ मध्ये कार्लसन आणि साल्टिन यांनी ३० किलोमीटरच्या शर्यतीत हे तपासलं. तीच माणसं एकदा लोडिंग करून, एकदा न करता धावली. सुरुवातीचा वेग अजिबात वाढला नाही. लोडिंग केलेले शेवटी मंदावले कमी, बस. म्हणजे आदल्या दिवशीच्या जेवणाने वेग येत नाही, आहे तो वेग लांब शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात टिकतो. दहा किलोमीटरवाल्याने भाताचा डोंगर उपसायचं काही कारण नाही.

मुळात साठा करायचा तर कोठारही मोठं लागतं, आणि ते सरावातून बनतं. इथे न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड आठवतो. ऑकलंडमधला हा बुटाच्या धंद्यातला माणूस आधी केले मग सांगितले या पंथातला. स्वतःला तंदुरुस्त समजत असताना मित्राबरोबर आठ किलोमीटर धावताना त्याची दमछाक झाली आणि तिथून त्याचे स्वतःवरचे प्रयोग सुरू झाले. आठवड्याला ४०० किलोमीटरपर्यंत धावून बघितलं, ते अति झालं; कमी करत करत १६० वर आला. मग तेच त्याने पोरांना दिलं. ८०० मीटरचा धावपटू पीटर स्नेलसुद्धा डोंगरवाटांवरून ३५ किलोमीटर धावायचा आणि लोक लिडियार्डला वेड्यात काढायचे. २ सप्टेंबर १९६० ला रोममध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि त्याच संध्याकाळी मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती तोंडं मिटली.

चालतंय का हे लिडियार्डला ठाऊक होतं, का चालतंय ते पुरतं सांगता येत नव्हतं. ते काम पुढे स्नेलनेच केलं. निवृत्तीनंतर अमेरिकेत जाऊन त्याने व्यायाम-शरीरशास्त्रात डॉक्टरेट घेतली. त्याचं म्हणणं असं: लांब, सावकाश धावताना आधी स्नायूंमधले संथ तंतू राबतात; त्यांचं ग्लायकोजेन संपत आलं की एरवी वेगासाठी राखीव असलेले तंतू कामाला जुंपले जातात आणि त्यांचीही दमदारपणाची तालीम होते. कोचच्या पद्धतीचा पुरावा त्याच्याच खेळाडूने स्टॉकहोमवाल्यांच्या ग्लायकोजेनमध्ये शोधला, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

हिलच्या आठवड्यातले ते तीन भुकेले दिवस मात्र टिकले नाहीत. चिडचिड, अंग जड, झोप नाही, आणि नेमक्या शर्यतीच्या तोंडावर आजारपणाची धास्ती. १९८१ मध्ये अमेरिकेत शर्मन, कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी धावपटूंवर पाहिलं, की सराव हळूहळू कमी करत शेवटचे तीन दिवस कार्ब्स वाढवले तरी साठा जवळपास तेवढाच होतो. २००२ मध्ये पर्थमधल्या गटाने त्याहून सोपं केलं: विश्रांती घ्या आणि किलोमागे १० ग्रॅम कार्ब्स खा, एका दिवसात भागतं. ऐकायला सोपं. ६० किलोच्या माणसाला ते ६०० ग्रॅम होतात, म्हणजे नुसत्या शिजलेल्या भातात मोजलं तर दोन किलोच्या वर. शनिवारी रात्री एक पातेलंभर भात खाऊन लोडिंग झालं म्हणणारे पोट तेवढं जड करून घेतात. ज्यांना खरंच एवढे कार्ब्स पोटात घालायचे असतात, त्यांचे कोच ते दिवसभरात वाटून, चोथा कमी करून, आणि मुख्य म्हणजे आधी एखाद्या लांब सरावाच्या आदल्या दिवशी वापरून बघायला लावतात. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठतं, वजन किलो-दीड किलोने वाढतं आणि पाय जड वाटतात. हे आधी अनुभवलेलं नसेल तर शर्यतीचा नंबर (बिब) छातीवर लावताना माणूस घाबरतो.

गेल्या दशकात वारं उलटं फिरलं. कार्ब्स जवळपास बंद करा, शरीर चरबीवर चालायला शिकेल, हा सल्ला अल्ट्रा रनरपासून, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब धावणाऱ्यांपासून, जिमपर्यंत पसरला. ऑस्ट्रेलियन क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांच्या गटाने कॅनबेरात जागतिक दर्जाचे रेस वॉकर, म्हणजे चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू, तीन आठवडे सराव शिबिरात ठेवून तो तपासला. निकाल २०१७ मध्ये छापून आले. कार्ब्स तोडून चरबीवर ठेवलेल्या गटाची चरबी खरोखरच जास्त जळाली. पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला. भरपूर कार्ब्स खाणाऱ्या गटाची दहा किलोमीटरची वेळ ६.६ टक्क्यांनी सुधारली, सरावानुसार कमी-जास्त कार्ब्स घेणाऱ्यांचीही सुधारली. चरबीवाल्यांनी तोच सराव करूनही त्यांची सुधारली नाही. बर्क यांनी प्रयोग पुन्हा केला आणि २०२० मध्ये छापलेला निकालही तोच होता.