हायड्रोजन ट्रक: इंजिनांच्या गावात फ्युएल सेल

बोरघाटात रात्री माल भरलेला ट्रेलर खालच्या गिअरमध्ये कण्हत चढत असतो. उतरणाऱ्या बाजूला तापलेल्या ब्रेक लायनरचा वास काचा बंद असल्या तरी गाडीत शिरतो. हायड्रोजनवरच्या ट्रकची खरी परीक्षा अशाच ठिकाणी. मार्च २०२५मध्ये टाटा मोटर्सने १६ हायड्रोजन वाहनांच्या चाचण्या सुरू केल्या, त्यात मुंबई-पुणे परिसरातले रस्तेही आहेत.

यामागचं तत्त्व डिझेल इंजिनाहून जुनं आहे. १८३९च्या सुमारास विल्यम ग्रोव्हने पाण्याचं विघटन उलटं फिरवलं: हायड्रोजन आणि ऑक्सिजन प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर एकत्र आणून वीज मिळवली. हाच फ्युएल सेल. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन नीट चाललं ते १८९७मध्ये. तरी रस्ता मारला डिझेलनेच, कारण तेल टाकीत ओतलं की झालं.

फ्युएल सेलला काम मिळालं ते थेट अवकाशात. १९६५मध्ये जेमिनी यानात, मग अपोलोत; तिथले अंतराळवीर त्यातून निघालेलं पाणीच पीत. १९६६मध्ये जनरल मोटर्सने ‘इलेक्ट्रोव्हॅन’ केली, पण टाक्या आणि नळ्यांनी गाडीची मागची बाजू भरून गेली आणि बसायला दोनच जागा उरल्या.

दुखणं आजही तेच. वजनाच्या हिशेबाने हायड्रोजन डिझेलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा देतो. पण ३५० बारला, म्हणजे हवेच्या साधारण ३५० पट दाबाला दाबूनही लिटरमागे डिझेलच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतकीच. फ्युएल सेलची कार्यक्षमता जास्त, म्हणून थोडी भरपाई होते, एवढंच. मग ट्रकच का? कारण लांब पल्ल्याला पुरेल एवढी बॅटरी टनांनी वजन वाढवते, आणि तेवढा माल कमी भरावा लागतो.

पुण्यात हे काम पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजलं. तिथे केपीआयटी या पुण्याच्या कंपनीसोबत ऑक्टोबर २०२०मध्ये फ्युएल सेलची मोटार चालवून पाहिली गेली. २१ ऑगस्ट २०२२ला देशी बनावटीची बस पुण्यात लोकांसमोर आली.

पण पुणे मुळात इंजिनांचं गाव. किर्लोस्करांपासून भोसरी-चाकणच्या सुट्या भागांच्या शॉपपर्यंत पिढ्या पिस्टन, क्रँकशाफ्टवर वाढल्या. त्यामुळे हायड्रोजन इंजिनातच जाळण्याची वाट इथे मोहात पाडते. त्यात हायड्रोजन थोडा अशुद्ध चालतो; फ्युएल सेलला मात्र ९९.९७ टक्के शुद्धता लागते, कारण कार्बन मोनॉक्साइडचा अंशही प्लॅटिनमला बाधतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानातून २०२५मध्ये मंजूर झालेल्या ३७ प्रायोगिक वाहनांपैकी २२ इंजिनवाली आहेत, फ्युएल सेलची १५. हा कौल मला तरी व्यवहारी वाटतो, पण इंजिनातून थोडे नायट्रोजन ऑक्साइड निघतातच. फ्युएल सेलमधून फक्त पाण्याची वाफ.

घाटात फ्युएल सेल एकटा पुरत नाही. तो एका चालीने वीज देतो. चढावरचा जादा जोर शेजारची बॅटरी देते आणि उतारावर ब्रेकची ऊर्जा तीच परत घेते. ती वरच फुल भरलेली असेल, तर खोपोलीकडे उतरताना ही ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही आणि भार पुन्हा लायनरवर येतो. एवढं गणित गाडीतलं सॉफ्टवेअर जमवेलही. पण ३७ वाहनांच्या त्याच मंजुरीत दहा मार्गांसाठी हायड्रोजन भरण्याचे पंप आहेत नऊ, आणि निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतला माणूस आधी पंप कुठे आहे तेच विचारेल.