घरगुती हिंसाचार : नियोक्त्याची भूमिका

घरी हिंसाचार सोसणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी टिकावी आणि कामाच्या जागी त्याला धोका पोहोचू नये, यासाठी नियोक्त्याने रजा, वेतन, सुरक्षा व गोपनीयता यांबाबत करावयाची व्यवस्था. हिंसाचारात मारहाणीखेरीज धमक्या, पाळत, लैंगिक जबरदस्ती आणि पैशांची कोंडी हेही येते. तो करणारी व्यक्ती जोडीदार, पूर्वीचा जोडीदार किंवा घरातील अन्य कोणीही असू शकते. पीडितांत स्त्रियांची संख्या जास्त असते, पुरुषही असतात.

घर सोडणाऱ्याला पत्ता आणि फोन क्रमांक बदलता येतो, पण कामाची जागा आणि सुटण्याची वेळ तीच राहते. शोधणारा तिथेच येतो. त्यात नाते तोडण्याच्या आसपासचा काळ सर्वांत जोखमीचा असतो. दुसरीकडे, बाहेर पडायला लागणारा पैसा पगारातूनच येतो. म्हणून नोकरी घालवणे हाही छळाचाच प्रकार ठरतो : निघताना किल्ल्या लपवणे, मुलांना सांभाळायला ऐनवेळी नकार देणे, कार्यालयात दिवसभर फोन करणे. वरिष्ठांना मात्र फक्त उशीर, दांड्या आणि चुका दिसतात, आणि कारणे दाखवा नोटीस निघते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या 190 क्रमांकाच्या कराराने घरगुती हिंसाचाराचे कामावर होणारे परिणाम मान्य केले. सोबतच्या 206 क्रमांकाच्या शिफारशीत रजा, लवचीक वेळा, बडतर्फीपासून तात्पुरते संरक्षण आणि कामाच्या जागेच्या जोखीम-तपासणीत या हिंसाचाराचा समावेश असे उपाय सुचवले आहेत. फिलिपिन्समध्ये 2004 च्या कायद्याने पीडित स्त्रियांना 10 दिवसांपर्यंत भरपगारी रजा मिळते. न्यूझीलंडने 2019 पासून आणि ऑस्ट्रेलियाने 2023 पासून वर्षाला 10 दिवसांची भरपगारी रजा लागू केली.

पहिला संवाद एकांतात आणि समोरासमोर करावा. ईमेल किंवा मोबाइलवर करू नये, कारण तो दुसरा कोणी वाचत असू शकतो. ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ हा प्रश्न पुरतो. उत्तर ‘हो’ आले तर विषय ताणू नये, दार उघडे ठेवावे. ‘मग सोडत का नाही?’ असे विचारल्यास पुढचे बोलणे बहुधा संपतेच. घर सोडायचे की नाही आणि केव्हा, हा निर्णय पीडिताचा. वरिष्ठाने परस्पर जोडीदाराला फोन करून समजूत घालायला जाणे ही सदिच्छेने केलेली सर्वांत घातक चूक होय. पूर्ण गुप्ततेचे वचनही देऊ नये. जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर इतरांना सांगावे लागेल, हे आधीच स्पष्ट करावे.

माहिती बहुतेकदा दप्तरी कामातून फुटते. आणीबाणीच्या संपर्कात आणि विम्याच्या वारसनोंदीत अनेकदा छळ करणाऱ्याचेच नाव असते. कर्मचारी गैरहजर राहिला की छळ करणाऱ्यालाच फोन जातो. हे नाव व पत्रव्यवहाराचा पत्ता बदलायचा का, ते विचारावे. पगार वेगळ्या खात्यात जमा करण्याची सोय द्यावी. पगाराच्या स्लिपवर किंवा सामायिक हजेरीपटावर रजेचा खरा प्रकार छापू नये. ऑस्ट्रेलियात या रजेचा उल्लेख स्लिपवर करण्यास कायद्यानेच मनाई आहे. पुरावा म्हणून केवळ पोलीस तक्रारीचा आग्रह धरला तर तक्रार न केलेले, म्हणजे बरेचसे पीडित, रजेपासून वंचित राहतात.

सुरक्षेची आखणी कर्मचाऱ्याला सोबत घेऊनच करावी. बसण्याची जागा दर्शनी भागातून हलवणे, थेट फोन क्रमांक बदलणे, पाळीच्या वेळा अधूनमधून फिरवणे, वाहनापर्यंत सोबत देणे हे नेहमीचे उपाय. छळ करणाऱ्याचे छायाचित्र पीडिताच्या संमतीने स्वागतकक्ष व सुरक्षारक्षकांकडे द्यावे. कर्मचारी आज आला आहे की नाही, हे चौकशी करणाऱ्या कोणालाही सांगू नये. न्यायालयाचा संरक्षण आदेश असल्यास त्यात कामाच्या जागेचा उल्लेख आहे का, ते पाहावे. घरून काम करण्याची मुभा सोयीची वाटते, पण धोका घरातच असेल तर ती कोंडवाडा ठरते. तेव्हा कार्यालयात बसण्याची हमी आणि बोलताना धोका कळवण्यासाठी वापरायचा एखादा सांकेतिक शब्द जास्त कामाचा.

छळ करणारा त्याच आस्थापनेत असेल तर अडचण वाढते. त्याचा पीडिताच्या नोंदींशी, हजेरीशी, पाळ्यांच्या वेळापत्रकाशी असलेला संबंध लगेच तोडावा लागतो. कार्यालयाचा फोन, संगणक वा वाहन धमकावण्यासाठी वापरले असल्यास तो शिस्तभंग ठरतो. दोघांना वेगळे करताना पीडिताचीच बदली करण्याची वाट सोपी वाटते. ती मागितली नसेल तर शिक्षा पीडितालाच होते.