दिवसाची घडी: उतारवयातला दिनक्रम आणि मनाचा तोल

गोदावरीला पूर आला की नाशिकमध्ये पाण्याची उंची कोणी फुटांत विचारत नाही. "मारुतीच्या कुठवर आलंय?" एवढंच विचारतात. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हेच आमचं मोजमाप: गुडघा, कंबर, छाती, गळा. १९६९, २००८, २०१६, २०१९ या सालांचे पूर जुने नाशिककर मारुतीच्या अंगावरूनच सांगतात. त्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पाणी ओसरलेलं असतं, घरात घोटाघोटा गाळ असतो, धान्य भिजलेलं असतं. आणि घरातली सगळ्यात वयस्क बाई आधी चहाचं पातेलं शोधत असते, नाहीतर आजोबा पोथी वाळत घालत असतात. घाईत असलेल्या तरुणांना तेव्हा त्याचा राग येतो. मला मात्र वाटतं, त्या घरात सावरायला सुरुवात तिथूनच झालेली असते.

२०२० नंतर ज्येष्ठांचा दिनक्रम आणि त्यांचं मनोबल यावर पुष्कळ बोललं गेलं. जणू हा महामारीनेच लावलेला शोध. या विषयाला मोठा मागचा इतिहास आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या गोदाकाठचा आहे.

आयुर्वेदात वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचा दुसराच अध्याय दिनचर्येचा. ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून तो सुरू होतो. रोग आणि औषधं त्यानंतर येतात. नाशिकपुरतं बोलायचं तर टाकळीची आठवण होते. नंदिनी आणि गोदावरीच्या संगमाजवळ समर्थ रामदासांनी बारा वर्षं तपश्चर्या केली, सकाळी पाण्यात उभं राहून जप आणि मग माधुकरी असा त्यांचा नेम होता, असं परंपरा सांगते. पुढे दासबोधात त्यांनी दिवस कसा घालवावा हे सांगितलं: पहाटे उठावं, काही पाठांतर करावं, स्नान, पूजा, थोडा फळाहार, मग संसाराचा धंदा. आणि त्याच ओघात गोड शब्दांनी लोकांना राजी राखावं, हेही. दिनक्रमाच्या यादीत माणसांशी बोलणं आलं, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. नेमाचा विचार करताना आपण घड्याळ पाहतो आणि माणसं विसरतो.

ही शिकवण मुख्यतः कर्त्या गृहस्थासाठी होती. म्हाताऱ्याने काय करावं, तर हळूहळू अंग काढून घ्यावं: वानप्रस्थाची कल्पना तीच. गंमत अशी की पाश्चात्त्य अभ्यासकही एका टप्प्यावर त्याच ठिकाणी पोहोचले. १९६१ साली एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी मांडलं, की वय वाढलं की माणूस समाजापासून आणि समाज माणसापासून दूर होतो, ते स्वाभाविक आहे आणि दोघांच्या सोयीचं आहे. या मताला लगेच विरोध झाला. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांनी कामात, लोकांत राहण्यावर भर दिला. १९८९ मध्ये रॉबर्ट अ‍ॅचली यांनी मांडलेला विचार मला अधिक पटतो. म्हातारपणी माणूस नवा होत नाही, आपल्या जुन्याच सवयी, नाती, आवडी नव्या परिस्थितीत पुढे नेण्याची धडपड करतो. कागदाचा कारखाना बंद झाला तरी कामगार पहाटे पाचला उठतो, यात हट्ट थोडा आणि स्वतःला ओळखीचं ठेवणं जास्त.

या विचारांच्या मधल्या काळात, १९७६ साली, एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग झाला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं एक वृद्ध-निवास. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, की तुमच्या खोलीची, वेळेची जबाबदारी तुमची. हे रोप घ्या, त्याला पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी परिचारिका घालणार होत्या. पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक आनंदी, अधिक तरतरीत दिसू लागले. दीड वर्षाने त्यांच्यात मृत्यूही कमी आढळले, असं प्रसिद्ध झालं. पुढे लेखिकांनीच त्या गणितातली चूक दुरुस्त केली आणि तो निष्कर्ष बराच सौम्य झाला. म्हणून जगण्या-मरण्याचा दावा बाजूला ठेवावा. पण पाणी कोण घालतं, हा प्रश्न उरतोच. आईला वाकायला त्रास होतो म्हणून सुनेने तुळशीला पाणी घालायला सुरुवात केली, अशी घरं आपल्या आसपास किती आहेत. हेतू मायेचाच असतो. आईच्या दिवसातलं एक काम मात्र गेलेलं असतं.

घड्याळाचा धागा वेगळ्या बाजूने आला. जर्मनीत युर्गेन अ‍ॅशॉफ यांनी १९६०च्या दशकात माणसांना जमिनीखालच्या बंकरमध्ये ठेवलं, सूर्य नाही, घड्याळ नाही. तरीही झोपेचा आणि जागेपणाचा फेरा चालू राहिला, फक्त दिवस लांबत जाऊन पंचवीसेक तासांचा झाला. म्हणजे शरीरात घड्याळ आहे, पण ते रोज बाहेरून जुळवावं लागतं. जुळवणारा सगळ्यात मोठा घटक म्हणजे उजेड. १९७२ मध्ये मेंदूत या घड्याळाची जागाही सापडली. वय वाढलं की हे घड्याळ थोडं पुढे सरकतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येतात, आणि त्याचा जोर कमी होतो. डोळ्यातलं भिंग पिवळसर झाल्याने उजेडही कमी पोहोचतो. पहाटे चारला जाग येणाऱ्या आजोबांनी सकाळी अंगणात, गच्चीवर, नदीवर जाऊन बसणं का चांगलं, याचं एक उत्तर इथे आहे.

पण सूर्य एकटाच घड्याळ जुळवत नाही. सिंडी एलर्स, एलेन फ्रँक आणि डेव्हिड कुपफर यांनी १९८८ मध्ये मांडलं, की माणसं आणि कामंही आपली वेळ लावून देतात. जोडीदार गेला की दुःख होतंच. त्याचबरोबर सकाळी उठवणारं, जेवायला हाक मारणारं, रात्री दिवा मालवणारं माणूस जातं. वेळा विस्कटतात, झोप विस्कटते आणि ज्याला धोका आहे त्याचं मन खचतं. १९९० मध्ये टिमथी मंक आणि सहकाऱ्यांनी हे मोजण्यासाठी सतरा नोंदींची एक वही तयार केली. त्यात उठण्याची वेळ आहे, घराबाहेर पडण्याची आहे, सकाळच्या पेयाची आहे. आणि दिवसात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाशी संबंध कधी आला, हीही आहे. आपल्याकडे शेवटच्या दोन्ही नोंदी बहुधा एकाच कपात भरतात.

नाशिकमध्ये ही पहिली भेट कुठे होत असे? जुन्या गावात वाड्याच्या ओट्यावर. मग घाटावर, सार्वजनिक वाचनालयात. १८४० साली स्थापन झालेली ही संस्था नाशिककरांची 'सावाना'. वर्तमानपत्राचं एकेक पान वाटून घेत वाचणारे पेन्शनर तिथले जुने मानकरी. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला, वारकरी घरांत संध्याकाळचा हरिपाठ. सातपूर, अंबडच्या वसाहती आल्या, सिडको वाढलं, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि वाड्यातली माणसं फ्लॅटमध्ये गेली. ओटा गेला. त्याची जागा जॉगिंग ट्रॅकवरच्या बाकांनी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोल्यांनी आणि हास्यक्लबांनी घेतली. हास्यक्लबाची चळवळ १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केली होती. हसण्याच्या व्यायामाचे फायदे लोक सांगतात. मला त्यातला मोठा फायदा हजेरीचा वाटतो. दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन येतो.

मार्च २०२०मध्ये हे सगळं एका फटक्यात थांबलं. ट्रॅक, मंदिरं, वाचनालय, संघ. पासष्टीच्या पुढच्यांनी घरातच राहावं, अशी सूचना होती आणि जीव वाचवण्यासाठी ती गरजेची होती. त्या वर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पादुकाही एसटीने पंढरपूरला गेल्या. मंदिरं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली. २१ एप्रिल २०२१ रोजी शहरात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले, तो दिवस इथला कोणीच विसरलेला नाही. त्या काळात कुणाला 'नेहमीसारखं राहा' म्हणणंही अवघड होतं.

हाँगकाँगचे वाई काई हौ यांनी २०१८ मध्ये मांडलेली विभागणी इथे नेमकी लागू पडते. झोप, जेवण, स्वच्छता, घरकाम हा दिनक्रमाचा पहिला थर. व्यायाम, भेटीगाठी, छंद, काम हा दुसरा. संकटात पहिला थर टिकवला तर दुसरा पुन्हा उभा करायला आधार मिळतो. आमच्या ज्येष्ठांचा पहिला थर बहुतेक शाबूत होता. पडला तो दुसरा, आणि माणसं त्याच थरात होती. तरीही पुष्कळांनी तो घरबसल्या उभा केला. दूरदर्शनने २८ मार्चपासून रामायण पुन्हा दाखवायला घेतलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ; कितीतरी घरांत आंघोळीची आणि जेवणाची वेळ त्यावर लागली. माझ्या आईने दुपारी चारची वेळ सिन्नरच्या मावशीला दिली. चहा दोन्हीकडे एकाच वेळी ठेवायचा आणि फोन लावायचा. बोलायला रोज नवीन काय असणार? भाजी काय केली, कोण गेलं, कोण बरं झालं. आईचा तो वेळ आम्ही कोणी कामासाठी मागितला नाही.

याच काळात अमेरिकेत लॉरा कार्स्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत धोका जास्त असूनही वयस्कांची मनःस्थिती तरुणांपेक्षा बरी आढळली. ते निरीक्षण एप्रिल २०२० चं, साथीच्या सुरुवातीचं आहे. एकटं राहणाऱ्या, कानाने अधू, फोन न जमणाऱ्या आजींना ते जसंच्या तसं लावू नये. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे दहा कोटींहून अधिक होते. त्या सगळ्यांचा दिवस एकसारखा नाही. ज्यांच्यापाशी चारला फोन करायला कोणी नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, ती ठाऊक असावी.

आमच्या इमारतीत एक काका एकटे राहतात. साथीच्या दिवसांत वर्तमानपत्र बंद होतं, तेव्हा ते सकाळी सात वाजता दाराबाहेर पाण्याने भरलेला तांब्या ठेवत आणि आठला आत घेत. समोरच्यांशी तसं ठरलं होतं. आता पेपर पुन्हा सुरू आहे, गुडघ्याने साथ दिली तर ते ट्रॅकवरही जातात. तांब्या मात्र अजून सातला बाहेर येतो, आणि आठनंतरही तो तिथेच दिसला की समोरची वहिनी बेल वाजवते.