मूत्राशय विकार, मूलगामी गर्भाशयोच्छेदनोत्तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंचे आधार-ऊतक व योनीचा वरचा भाग काढल्यावर लघवी साठण्यात किंवा बाहेर टाकण्यात येणारे बिघाड. साध्या गर्भाशयोच्छेदनानंतर ते सौम्य असतात. फरक पडतो तो मुख्यतः तंत्रिकांमुळे.

मूत्राशय सैलावून लघवी साठवू देणारे अनुकंपी तंतू गर्भाशय-त्रिकास्थी बंधाच्या (गर्भाशयाला कण्याच्या तळच्या त्रिकोणी हाडाशी, म्हणजे त्रिकास्थीशी जोडणाऱ्या पट्ट्याच्या) बाहेरच्या अंगाने उतरतात. त्याला आकुंचित करणारे परानुकंपी तंतू त्रिकास्थीच्या २ ते ४ क्रमांकांच्या तंत्रिका-मुळांतून निघून खोल गर्भाशय शिरेच्या खालून जातात. दोन्ही मिळून बनलेल्या जाळ्याच्या मूत्राशयाकडील शाखा मूत्राशय-गर्भाशय बंधाच्या मागील पदरात असतात. या तिन्ही ठिकाणी कर्करोग निघून जावा म्हणून जितके दूर कापावे, तितक्या तंत्रिका जातात.

व्हिएन्नात व्हर्टहाइम यांनी १८९८ मध्ये ही शस्त्रक्रिया सुरू केली. क्लार्क व रीस यांचे तत्सम प्रयत्न १८९५ चे आहेत. तंत्रिका राखण्याच्या पद्धतीचे मूळ काहीजण जपानी शल्यविशारद ओकाबायाशी (१९२१) यांच्यात शोधतात. मागील पदर वेगळा करण्याची पायरी त्यांचीच. मात्र त्यांचा भर कर्करोग अधिक रुंदीने काढण्यावर होता. रक्तवाहिन्यांचा भाग कापून तंत्रिकांचा भाग मागे ठेवण्याची कल्पना १९६० च्या सुमारास कोबायाशी यांनी मांडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या शस्त्रक्रियेचे प्रकार पाडणाऱ्या २००८ च्या केरलू-मॉरो वर्गीकरणात तंत्रिका राखणाऱ्या प्रकाराला सी१ व न राखणाऱ्याला सी२ म्हटले आहे.

पहिल्या काही आठवड्यांत मूत्राशय बहुधा ताठ, कमी धारणक्षमतेचा असतो. याचे कारण काही संशोधक अनुकंपी तंतूंचा नाश मानतात, काही शस्त्रक्रियेची सूज. दोन्हींचा वाटा असावा. पुढे काहींत तो शिथिल होतो : भरल्याची जाणीव मंदावते, जोर लावून लघवी करावी लागते व उरलेली लघवी जंतुसंसर्गाला निमित्त ठरते. खोकताना गळतीही होते.

कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) साधारण ५ ते १४ दिवस ठेवतात. तो काढल्यावर रुग्णाने लघवी केली, की लगेच उरलेले प्रमाण श्राव्यातीत तपासणीने (सोनोग्राफीने) मोजतात. ते १०० मिलि.पेक्षा कमी असल्यास सहसा पुरेसे मानतात. जास्त राहिल्यास दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः कॅथेटर घालून मूत्राशय रिकामा करणे (ही पद्धत लॅपिडीस यांची, १९७२) दीर्घकाळ नळी ठेवण्यापेक्षा बरे. एका वेळी ४०० ते ५०० मिलि.हून अधिक लघवी निघू लागली, तर अंतर कमी करावे; अतिताणाने स्नायू आणखी दुबळा होतो. जाणीव मंद असल्याने घड्याळ पाहून लघवीला जाणे आवश्यक.

साधारण एक ते तीन आठवड्यांनी योनीतून रात्रंदिवस पाणी झिरपू लागल्यास नालव्रणाची (मूत्रमार्ग व योनी यांना जोडणाऱ्या छिद्राची) शंका घ्यावी. मूत्राशयात निळे द्रावण भरल्यावर योनीतील बोळा निळा झाला तर छिद्र मूत्राशयाला, नुसता ओला झाला तर बहुधा मूत्रवाहिनीला (मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीला). किरणोपचारही झाले असल्यास मूत्राशयाचे आकुंचन व रक्तमिश्रित लघवी महिन्यांनी, कधी वर्षांनी उद्‌भवते.